मुकादमांची मस्टँग

"नवीच घेऊ," रिझवान म्हणाला आणि शहनाझच्या हातातला चहा हिंदकळला.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात नीरवचं गाड्यांचं दुकान. तिथे दोन मस्टँग शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक एकोणीसशे एकोणसत्तरची, गडद हिरवी. अंग जुनं, पण आत इंजिन, ब्रेक, एसी, ऑटोमॅटिक गिअर असं सगळं नव्याने बसवलेलं. दुसरी यंदाची, लाल, कोरी करकरीत. किंमत दोन्हींची जवळजवळ सारखीच, त्यामुळे प्रश्न पैशांचा नव्हता, हौसेचा होता. आणि रिझवान मुकादमची हौस कोणती, हे अख्ख्या रुवैसला ठाऊक होतं.

रुवैसच्या रिफायनरीत त्याने जन्मभर स्टोअरकीपरची नोकरी केली. अगदी सुरुवातीला, वाळूचं वादळ सुटलेलं असताना एका अमेरिकन इंजिनिअरने त्याला गेटपासून कॅम्पपर्यंत आपल्या जुन्या मस्टँगमधून सोडलं होतं. झालं होतं ते एवढंच, पण या माणसाला ते आयुष्यभर पुरलं. खेडला घर झालं, बहिणींची लग्नं झाली, लेकीचं, फिझाचं शिक्षण झालं. मधल्या काळात घरी गाडी आली ती दर वेळी पांढरी, जपानी आणि बिनतक्रार. नव्या गाड्यांना तो नावं ठेवायचा. "मोबाईलला चाकं लावलीयेत नुसती," म्हणायचा. निवृत्त होऊन दोघं ऊद मेथाला लेकीच्या घरी, लेकीच्याच व्हिसावर राहायला आली, तेव्हा शहनाझच म्हणाली होती, "घ्या हो एकदाची ती गाडी. नाहीतर कबरीतसुद्धा तिचंच नाव घ्याल."

आणि हा आता नवी मागत होता!

"अहो, पण ती जुनी? तिच्यासाठी तर इतकी वर्षं जीव टाकलात."

"हौस आपल्या जागी. सेफ्टी नको? फिझा, सांग हिला."

"अब्बा इज राइट, अम्मी," फिझा फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "लेन असिस्ट, ऑटो ब्रेकिंग, कॅमेराज. द ओल्ड वन हॅज नथिंग."

"अंकल, पहले चला के तो देखो," नीरव म्हणाला. "यल्ला, चलो, लाल से शुरू करते हैं."

रिझवानने लाल गाडी बाहेर काढली. शहनाझ त्याच्या शेजारी, फिझा आणि नीरव मागे. रस्ता सरळ आणि रिकामा होता, तरी गाडी सारखी कुरकुरत होती. ती डावीकडच्या पट्ट्यावर चढली की टूं टूं वाजायचं आणि स्टिअरिंग हळूच उजवीकडे ओढलं जायचं.

"सेन्सर जरा नाजूक आहेत," रिझवान म्हणाला.

पुढच्या चौकात गाडीने एकाएकी करकचून ब्रेक लावला. सगळे पुढे फेकले गेले. डावीकडून एक सायकलवाला आला होता. कॅरिअरवर भाजीची पिशवी, डोक्याला रुमाल. शहनाझला तो केव्हाचा दिसत होता. तिला वाटलं होतं, रिझवानलाही दिसतोय. सायकलवाल्याने हात उंचावून दोन शिव्या हासडल्या आणि तो निघून गेला.

"सी? दॅट्स व्हॉट आय मीन," फिझा म्हणाली.

रिझवान मोठ्याने हसला. "बघितलंस? हिला डोळे आहेत."

शहनाझने वळून त्याच्याकडे पाहिलं. नवऱ्याचं असलं मोठं हसू तिला ओळखीचं होतं. काही लपवायचं असलं की तो असाच हसायचा. मग एकेक गोष्ट आपणहून समोर येऊन उभी राहिली. दाराच्या चौकटीवर आपटलेला डावा खांदा. डाव्या हाताला ठेवलेलं आणि कोपर लागून फुटलेलं पाण्याचं भांडं. फ्रिजमधली ती थेंबांची बाटली. 'एसीने डोळे कोरडे पडतात,' तो म्हणाला होता आणि तिने विश्वास ठेवला होता. तिला स्वतःचाच राग आला. एका घरात राहून, एका ताटात जेवून आपल्याला कळलं कसं नाही?

दुकानात परतल्यावर नीरव फिझाला इन्शुरन्सचं समजवायला आत घेऊन गेला. शहनाझने नवऱ्याला हिरव्या गाडीच्या आडोशाला नेलं.

"डावीकडचं दिसत नाही ना तुम्हाला?"

तो आधी गाडीच्या छतावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येत नाही. उजवा चांगला आहे, थेंब टाकले तर राहील."

"आणि गाडीचं काय म्हणाला?"

"चालवू नका म्हणाला." तो घाईने पुढे म्हणाला, "पण ही नवी सगळं बघते ग. दोन वर्षं तरी निघतील. जुनीत ते काही बसवता येत नाही, मी विचारलं नीरवला. म्हणून..."

"आणि तो सायकलवाला? त्याच्या घरी कोणी वाट बघत नसेल?"

 अंगातली हवा गेल्यासारखा रिझवान गाडीला टेकला. उभ्या आयुष्यात कोणापुढे हात न पसरलेल्या त्या माणसाला, आता कोणीतरी ने-आण करेल तेव्हाच बाहेर पडायचं, हे सोसवत नव्हतं. तिला त्याची दया आली आणि दया आल्याचं त्याला दिसू नये म्हणून ती पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिली.

"खलास," तो म्हणाला. "कुठलीच नको. चल घरी."

"का नको? नवी ज्याच्यासाठी घेत होतात ते संपलं. आता मनातली घ्या. मी चालवेन."

"तू?" एवढ्या दुःखातही त्याला राहवलं नाही. "पाचव्या खेपेला पास झालीस ती?"

"झाले ना पास? ऑटोमॅटिकचं लायसन्स आहे माझं आणि ही ऑटोमॅटिकच आहे. मस्टँगला असला गिअर म्हणजे पाप, असं म्हणत होतात. त्याच पापामुळे मला चालवता येईल."

"फिझाला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. घरी गेल्यावर तुम्ही सांगायचं."

हिरव्या गाडीत फिझा आणि नीरव मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन कसेबसे मावले. "अम्मी, आर यू शुअर?" फिझाने दोनदा विचारलं. शहनाझने बिस्मिल्ला म्हणून गाडी सुरू केली. आवाज असा दणदणीत, की ती स्वतःच दचकली. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे रिझवान आयुष्यात पहिल्यांदाच गाडीत तिच्या उजवीकडे बसला होता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर उजवीकडच्या लेनमध्ये जाऊन बाहेर पडायचं होतं. शहनाझने सवयीने उजव्या आरशाकडे पाहिलं, तर तिथे आरसाच नव्हता. मूळच्या गाडीला त्या बाजूला नसायचा, म्हणून नीरवच्या कारागिरांनीही तो लावला नव्हता.

"अहो, उजवीकडे बघा. घेऊ का?"

रिझवानने काच खाली केली, खांदा बाहेर काढला आणि मागे वळून नीट पाहिलं.

"थांब. टँकर आहे, त्याच्या मागे टॅक्सी."

मागून कोणीतरी हॉर्न दिला. शहनाझने वेग कमी केला आणि ती थांबून राहिली.

"मॅडम, उस साइड का मिरर हम लगा देंगे," नीरव मागून म्हणाला. "दो दिन का काम है."

"जरूरत नहीं," शहनाझ म्हणाली.

टँकर गेला. टॅक्सी गेली. गरम वाऱ्यात रिझवानचे पांढरे केस विस्कटले होते, तरी त्याने मान आत घेतली नाही.

"आता घे," तो म्हणाला आणि तिने गाडी वळवली.