गाडी धुवायला आहे

अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये ताईच्या आवाजाचा दबदबा होता. फोनवर पलीकडचा माणूस कितीही आक्रोश करत असला तरी ही बाई आपली शांतपणे म्हणायची, "पत्ता सांगा. दार उघडं ठेवा. मी आहे इथंच." साहेब चेष्टेनं म्हणायचे, हिच्या अंगात रक्त आहे की बर्फ, देव जाणे. म्हणोत बापडे. दिवसभर दुसऱ्यांची मरणं कानांनी ऐकत बसायचं आणि घरी जाऊन कणीक मळायची, हे साहेबांनी एकदा करून बघावं, मग बोलावं.

या कंट्रोल रूममध्ये एक रीत होती, कुठंही न लिहिलेली. एखादी अँब्युलन्स वाईट ठिकाणाहून परत आली, म्हणजे लहान मूल हातात गेलं किंवा कुणी जळालेलं आणावं लागलं, की पडद्यावर त्या गाडीपुढं 'धुवायला' असं टाकायचं आणि गाडीला वायरलेसवर तसं कळवायचं. धुवायला असलेल्या गाडीला कॉल देता येत नाही. मग ते धुणं ताणता येईल तेवढं ताणायचं. तेवढ्यात माणसं जरा दम खातात, चहा पितात, सरकारला शिव्या घालतात, रडू आलं तर कोपरा गाठतात. वरच्यांना हे ठाऊक होतं, पण ते कानाडोळा करत. मन थाऱ्यावर नाही म्हणून सुटी मागितली की कपाळाला आठ्या पडायच्या. गाडी घाण झालीय म्हटलं की कुणाची ब्र काढायची टाप नव्हती. माणसापेक्षा गाडीची अब्रू मोठी, त्याला कोण काय करणार.

ताईचा धाकटा भाऊ इथल्याच एका अँब्युलन्सवर होता, मागं पेशंटजवळ बसणारा. आईवडील गेल्यावर तिनंच त्याला वाढवला, आणि या नोकरीला चिकटवलाही तिनंच. पुलाखाली शाळेची बस उलटली, तेव्हा सगळ्यांत जवळ त्याची गाडी होती. ताईनं ती पाठवली. दुसरी कुठली पाठवणार?

त्या दिवसापासून पोरगा मिटला. जेवताना विचारलं, "कसं चाललंय?" तर "ठीक." झोप लागली का? "ठीक." वायरलेसवर बोलतात तसं. हातानं जेवायचा तो चमच्यानं जेवायला लागला. ताईनं चिडवलं, "काय साहेब, आता काटाही आणू का?" तो नुसता हसला आणि ताट अर्धं टाकून उठला. तिनं ते ताट उचललं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सवयच होती तशी.

मध्यंतरी ऑफिसनं मनाच्या तब्येतीसाठी एक समुपदेशक बाई नेमल्या. त्यांची खोली कुठं दिली, तर बरोबर साहेबांच्या केबिनसमोर, काचेच्या दाराची. आत कोण बसलंय ते सगळ्या जगाला दिसावं. एक ड्रायव्हर भाबडेपणानं आत जाऊन रडला, तर महिन्याच्या आत त्याला स्टोअरमध्ये बसवला. त्यानंतर बाई एकट्याच पुस्तक वाचत बसायच्या.

धाकट्यानं एकदा भीत भीत विचारलं, "ताई, मी जाऊ का गं त्या बाईंकडे?"

"खुळा आहेस का? नावाला एकदा शेरा लागला की गाडी सुटली. जन्मभर कापसाची पुडकी रचत बसशील. मी आहे ना. मी बघते."

आणि तिनं बघितलं. मोठी घटना असो नसो, त्याची गाडी परतली की ताई वायरलेसवर सांगायची, "गाडी धुवायला." साधा पाय मोडलेला पेशंट असला, तरी धुवायला. शेजारच्या मुली नजरेनंच हसायच्या, बहिणीची माया म्हणायच्या. कंट्रोल रूमच्या खिडकीतून मागचं आवार दिसत नसे. ताई मनातल्या मनात बघायची, की पोरगा सावलीत बसलाय, हातात चहाचा कप आहे, चेहऱ्याला जरा रंग चढलाय. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

एके दुपारी त्याच्या गाडीचे ड्रायव्हर काका वर आले. ड्रायव्हर लोक कधी वर येत नसत. दारातच उभे राहून म्हणाले, "ताई, खाली चला."

"फोन कोण घेणार?"

"घेईल कुणीतरी. तुम्ही चला."

आवारात अँब्युलन्सचे मागचे दरवाजे सताड उघडे होते. स्ट्रेचर बाहेर, सीट उपटून बाहेर, पाण्याचा पाइप चालूच. धाकटा आत गुडघ्यांवर बसून तारेच्या ब्रशनं फरशी घासत होता. ब्लीचिंगच्या वासानं डोळे चुरचुरत होते. ताईला आठवलं, आत्ताचा पेशंट म्हणजे चक्कर आलेल्या आजीबाई. रक्ताचा थेंबही सांडला नव्हता.

"रोज असंच," काका हळू आवाजात म्हणाले. "चहाला हाक मारली तर येत नाही. म्हटलं, ज्याची त्याची तऱ्हा, हातांना काम लागत असेल. पण आज त्याचे हात बघितले. ताई, धुवायला म्हणजे काय, ते तुम्ही त्याला सांगितलंय ना?"

"मी? मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल. नव्या माणसाला तुम्हीच सांगता ना."

"तुमचा सख्खा भाऊ. मी कशाला सांगायला जाऊ?"

ताई पुढं झाली. ती गाडीच्या पायरीवर चढली. "ऊठ रे. पुरे झालं."

"झालंच," तो मान वर न करता म्हणाला. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती, बोटं लाल मांसासारखी दिसत होती.

"अरे, गाडी स्वच्छ आहे. आरशासारखी झालीय."

आता मात्र त्यानं वर बघितलं. रागानं नाही, अगदी शहाण्या विद्यार्थ्यासारखं. "मग परत परत धुवायला का पाठवतेस? मला प्रत्येक वेळी वाटतं, आता निघालं. आणि मग वायरलेसवर तुझा आवाज येतो. म्हणजे त्या बसमधल्या पोरांचं कुठंतरी राहिलंय अजून. सीटखाली बघितलं, फटीत चाकू घालून बघितलं. तू सांग ना ताई, कुठं राहिलंय? मला दिसत नाही."

जगाला दार उघडं ठेवायला सांगणारी बाई पायरीवरून खाली उतरली. तिनं नळ बंद केला. पायरीवर बसून तिनं त्याचं मनगट धरलं. तळवा धरायची सोय नव्हती. मग काकांना म्हणाली, "त्या समुपदेशक बाईंना बोलावून आणा. इथंच."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

धाकट्यानं मनगट हिसडून सोडवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा हलला, आणि त्यावर नुसती भीती होती.

"नको ताई, त्यांना नको. शेरा लागेल. तूच म्हणाली होतीस ना? मी धुतो. आता नीट धुतो, बघ."

आणि त्या लख्ख फरशीवर तो आणखी जोरानं ब्रश घासू लागला.