विहिरीचा गाळ

शालनबाईंना त्या प्रयोगाचं काही कौतुक नव्हतं. इंद्रायणी नदी हरलेली बघायची होती, म्हणून त्या नातीबरोबर कॉलेजात गेल्या.

नात विजयश्री नदीचा गाळ तपासत होती. काचेच्या भांड्यात गाळ, वर पाणी, आत दहा लाल अळ्या. दहा दिवसांनी त्यातल्या जित्या किती, ते मोजायचं. तुलनेला स्वच्छ गाळ हवा म्हणाली, तेव्हा शालनबाईंनीच तळवड्याच्या आपल्या विहिरीतला दिला होता. "नदीचं पार गटार झालंय. आपल्या विहिरीला नाव ठेवायची अजून कुणाच्या बापाची हिंमत न्हाई." त्याच गाळावर त्यांचं अळू, मेथी पोसायची आणि आळीतली निम्मी घरं ती खायची.

आज दहावा दिवस. विजयश्रीने दोन्हीकडचा गाळ चाळणीत ओतून धुतला. नदीच्या गाळातून चार अळ्या वळवळत निघाल्या. विहिरीच्या गाळातून एकही नाही.

"उपाशी ठेवल्यास तू."

"सगळ्यांना सारखंच खाणं दिलंय, आजी. आणि हे तिसऱ्यांदा केलं. आधीचं तुला सांगितलं नव्हतं."

शालनबाईंनी चाळणी ओढून घेतली, बोटाने चिवडून बघितली. काही हललं नाही. विहिरीमागचं शेड त्यांनीच धातूला मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्याला भाड्याने दिलं होतं. लेक शेखर नको म्हणत होता. पण तो माणूस आल्या आल्या पाया पडला, आणि पाया पडणाऱ्याचं धुवणाचं पाणी कुठं जातं हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"मी दुसरीकडचा गाळ आणते," विजयश्री हळूच म्हणाली. "आपल्या विहिरीचं नाव नाही लिहीत."

"का? लिही. पुऱ्या नावानिशी लिही. तुझ्या आज्याचं बी टाक, खांदली त्यांनीच."

घरी आल्या तर शेजारच्या सुमनताई टोपली घेऊन वाफ्यापाशी उभ्या.

"काकू, पाहुणे यायचेत. अळूची चार पानं नेते."

"न्हाई."

"चारच मागतेय हो!"

शालनबाईंनी पदर खोचला, वाफ्यात उतरल्या आणि अळू मुळासकट उपटायला लागल्या. "चारचं काय घिऊन बसलीस? माझ्या विहिरीत इख हाय. जा, आळीत सांग. माझं नाव घिऊन सांग."

सुमनताई जागच्या हलेनात.

"तुला जमायचं न्हाई," शालनबाई म्हणाल्या, आणि तशाच चिखलाच्या हातांनी आळीतल्या पहिल्या दाराकडे निघाल्या.