उजव्या खांद्यातली गादी

मी एक जुना काळा कोट आहे, मागे दोन लांब शेपट्या असलेला, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. कोटाला डोकं नसतं हे मला ठाऊक आहे, उगाच मध्ये बोलू नका. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. बाकी तुमच्यातल्या किती जणांनी बापाचे कपडे पोत्यात भरून काढून टाकले, ते मी विचारत बसत नाही.

मला शिवलं एका तिरसट शिंप्याने. गिऱ्हाईक जरा हललं की तो टेपच्या टोकाने त्याला फटका द्यायचा. ज्याच्यासाठी मला शिवलं, तो माणूस नाट्यगृहात व्हायोलिन वाजवायचा. सातव्या वर्षापासून हनुवटीखाली व्हायोलिन धरून धरून त्याचा डावा खांदा वर चढला होता आणि उजवा खाली उतरला होता.

"सरळ उभे राहा," शिंपी खेकसला.

"सरळच उभा आहे हो मी."

"मग तुम्हाला घडवणाऱ्याने माप चुकीचं घेतलंय. बघतो काय करायचं ते."

आणि बघितलंन हो त्याने! उजव्या खांद्यात बोटभर जाड लोकरीची गादी घातली, हाताने, बारीक टाक्यांनी. डावी बगल वर घेतली, म्हणजे व्हायोलिन उचललं तरी कॉलर मानेवरून हलायला नको. खुंटीला टांगलं की मी वाकडा दिसायचो. त्या माणसाच्या अंगावर चढलो की तोही सरळ आणि मीही सरळ. याला म्हणतात शिवणं. हल्ली जे करतात त्याला कापड जोडणं म्हणतात.

सव्वीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याची मुलगी मला ब्रश मारायची, आधी स्टुलावर चढून आणि पुढे स्टुलाशिवाय. घामाने गादीतली लोकर एका जागी गोळा व्हायची. ती दोन बोटांनी दाबून दाबून सारखी करायची आणि ओरडायची, "बाबा, खांदा तयार आहे!" मग तो यायचा, बाह्यांत हात घालायचा आणि आम्ही निघायचो. लोक टाळ्या वाजवायचे. टाळ्या त्याच्यासाठी असायच्या, कबूल. पण अंगावर कोण होतं?

पुढे तो गेला. मुलगी तेव्हा लग्न होऊन लांब राहत होती. ती येऊन पोचायच्या आत तिच्या भावाने घर धुऊन पुसून रिकामं केलं. व्हायोलिन विकलं, खुर्च्या विकल्या, मला जुन्या कपड्यांच्या दुकानदाराच्या गळ्यात मारलं. त्या दुकानदाराने पहिलं काम काय केलं असेल? आतल्या खिशावरची नावाची पट्टी ब्लेडने उसवली. दुसऱ्याचं नाव असलेला कोट कोणी घेत नाही म्हणे. मग कित्येक वर्षं त्याच्या माळ्यावर एका बँडवाल्याच्या पँटखाली दबून पडलो. त्या पँटबद्दल मी काही बोलणार नाही.

शेवटी मला एका निवृत्त अधिकाऱ्याने नेलं. या गृहस्थाला जुन्या काळचे पुरुषांचे समारंभी पोशाख जमवायचा नाद. एक अख्खी खोली त्यासाठी दिलेली, जाड पडदे लावून, म्हणजे उन्हाने रंग उडू नये. तारेचं हँगर तो घरात येऊ देत नाही, त्याने खांदे पडतात. प्लास्टिकची पिशवी दिसली की फाडतो, कारण आत दमट होऊन कापड कुजतं. घडीत पातळ कागद घालतो. दर महिन्याला पांढरे हातमोजे चढवून शिवणीन् शिवण तपासतो, कुठे कसर लागली आहे का ते बघतो. खोटं कशाला बोलू, कोट सांभाळावा तर त्याने. तरी हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात गेला. त्याने मला पुतळ्यावर चढवलं, चार पावलं मागे गेला आणि म्हणाला, "अरेरे, शिंप्याने खांदा बिघडवलाय!"

बिघडवलाय! जीभ असती तर तिथल्या तिथे त्याची पूजा बांधली असती.

गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात त्याच्या संग्रहाचा फोटो आला. मागच्या रांगेत मी होतो. दोन दिवसांनी फोन वाजला. याला ऐकायला कमी येतं म्हणून हा फोनचा आवाज मोठा ठेवतो, त्यामुळे मला सगळं कळलं. आवाज म्हातारा झाला होता, पण तिचाच.

"तो मागचा काळा कोट माझ्या बाबांचा वाटतो हो. माझे डोळे आता धड नाहीत. पण हात लावला की कळेल मला. त्यांचं दुसरं काहीच राहिलं नाही माझ्याकडे."

"या ना, रविवारी या," हा म्हणाला. "तुमच्या वडिलांचा निघाला तर तुमचाच. खुशाल घेऊन जा."

हात कुठे लावणार, हे तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. मी मात्र खूश! रविवारपर्यंत दिवस मोजत होतो. आणि शुक्रवारी या शहाण्याने मला उचललं आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेलं.

"साहेब, ही चूक वाटत नाही," तो शिंपी म्हणाला. "टाके बघा. कोणीतरी मुद्दाम घातलंय हे."

"मास्तर, पाहुण्या यायच्या आहेत. त्यांच्यापुढे वाकडा कोट ठेवू का? दोन्ही खांदे सारखे करा."

झालं. गादी बाहेर आली आणि टेबलाखालच्या चिंध्यांत पडली. संध्याकाळी दुकान झाडलं, चिंध्या गेल्या. पाहुणीचा मान ठेवायचा म्हणून हे सगळं बरं का!

रविवारी ती आली. याने हातमोजे पुढे केले.

"ते घालून मला काय कळणार?" ती म्हणाली आणि उघडा हात थेट माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला. दोन बोटांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग डावा खांदा चाचपला आणि परत उजव्यावर आली.

"नाही. हा नव्हे. बाबांच्या कोटाला उजव्या खांद्यात गादी होती. माझ्याच हाताने सारखी करायचे मी ती. तुम्हाला उगीच त्रास दिला हो."

अगं, मीच तो! या गाढवाने परवाच काढली गं! पण कोटाचं कोण ऐकतं.

याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कळलं होतं, मित्रांनो, सगळं कळलं होतं. त्याने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी आता अगदी सरळ, त्याच्या सगळ्या खोलीत माझ्या तोडीचा कोट नाही. मग म्हणाला, "हरकत नाही. होतं असं कधी कधी."

ती जिना उतरली. हा खिडकीशी गेला. समोरच बसथांबा आहे. ती तिथे उभी होती आणि बस काही येत नव्हती. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. नुसती हाक मारायची होती. हा पुटपुटला, "आता सांगून तरी काय उपयोग? गादी तर गेली." मग बस आली आणि तिला घेऊन गेली.

त्याने हात धुतले, पुसले, टेबलापाशी बसला आणि सुबक अक्षरात एक चिठ्ठी लिहून माझ्या पायाशी लावली: 'काळा शेपटीचा कोट. उत्तम स्थिती. मालक अज्ञात.'

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून मी थांबावं अशी तुमची अपेक्षा असेल. जपा की! पण ज्याची वस्तू आहे तो दारात आला, तर आधी खरं बोला. ते जमणार नसेल, तर मला कसरीने खाल्लेलं परवडेल.