गाजराचा आवाज

ख्रिस्ती कॉलेजात वक्तृत्व आणि प्रसारण शिकणाऱ्या त्या पोरीला सगळे खडखड म्हणायचे. म्हणणारच! वर्गातले बाकीचे गळे कमावण्यात गर्क, आणि ही बया नभोनाट्यांसाठी आवाज तयार करण्यात. डब्यातले खडे हलवले की घोड्याच्या टापा, ओला टॉवेल टेबलावर आपटला की मार, आणि कच्चं गाजर कडकन मोडलं की हाड. हे सगळं सरांनीच शिकवलेलं. सरांचा आणखी एक नियम होता: लाल दिवा लागला की छत कोसळलं तरी प्रसारण थांबवायचं नाही.

त्या सकाळी हुतात्म्याचं नाटक थेट जाणार होतं. हुतात्म्याचं काम करत होता तिचा सख्खा दादा, त्याच वर्गातला. त्याला छळणारा शिपाई म्हणजे पहिलवान. नावाला शोभेल असाच गडी. पहिल्या वर्षाच्या एका मुलाचा त्याने दात पाडला होता, आणि दादाने ते सरळ प्राचार्य फादरांच्या कानावर घातलं होतं. "तुला बघून घेईन," पहिलवान म्हणाला, तेव्हा दादा हसला होता. अशा वेळी हसायचं नसतं, पण दादाला कोण सांगणार!

लाल दिवा लागला. आवाज आरपार न जाणाऱ्या काचेपलीकडे, यंत्रांपाशी, सर मान खाली घालून संहितेवर बोट फिरवत बसले. दादा जमिनीवर, खालच्या मायक्रोफोनपाशी आडवा पडला होता, त्यामुळे काचेतून दिसत नव्हता. पहिलवान गरजला, "बोल, देव सोडतोस की नाही?" खडखडने टॉवेल आपटला. धप्प. आणि लगेच हेडफोनमध्ये दुसरा धप्प आला, जो तिने केलाच नव्हता.

तिने वळून पाहिलं. पहिलवानाचा बूट दादाच्या बरगडीत होता.

दादा कळवळला, पण पुढचं वाक्य चोख बोलला. नियम अंगात भिनलेला ना! पुढची लाथ पोटात, मग तोंडावर. खडखडचे हात मात्र सवयीने टॉवेल आपटतच राहिले, लाथांच्या तालावर. त्या हातांचा तिला पुढे आयुष्यभर संताप येणार होता. सरांनी मान वर न करताच अंगठा दाखवला: झकास!

मग दादाचं वाक्य आलंच नाही. ओठांवर रक्ताचा बुडबुडा तेवढा आला. पहिलवानाने केस धरून त्याचं डोकं फरशीवर आपटलं.

टॉवेल फेकून ती मायक्रोफोनवर झेपावली. "हे नाटक नाही! हा माझ्या दादाला खरंच मारतोय! या कुणीतरी!"

आता सर उठले. काचेला नाक लावून त्यांनी दादाला पाहिलं, रक्त पाहिलं. आणि मग त्या भल्या माणसाने काय करावं? तिच्या मायक्रोफोनचा आवाज बंद केला आणि भजनाची टेप लावली. लाल दिवा विझला. हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, "वेड लागलंय का तुला? फादर ऐकतायत!"

पहिलवानाने दादाचं डोकं पुन्हा उचललं.

खडखडने मायक्रोफोनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा, जीव खाऊन, केस धरलेल्या मनगटावर. पहिलवान गुरासारखा ओरडत कोपऱ्यात कोसळला. हाड मोडताना गाजरासारखा आवाज येत नाही. बराच दबका येतो, आणि तो ऐकून तिला बरं वाटलं.

हेडफोन भिरकावून तिने दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडाशी कान नेला. काहीच ऐकू येईना. दिवा विझला की खोलीतला स्पीकर आपोआप सुरू व्हायचा, आणि भजन दणक्यात चाललं होतं. शेवटी तिने त्याच्या नाकाखाली तळहात धरला. श्वास होता, तुटक, पण होता.

"डॉक्टरांना बोलवा!" ती काचेकडे बघून किंचाळली. "सर, डॉक्टरांना बोलवा!"

काचेपलीकडे सर नुसते तिचे हलणारे ओठ बघत उभे राहिले. तिचा मायक्रोफोन त्यांनी अजून सुरू केला नव्हता.