सासूबाईंचा करंट

शिलाई मशीनचं पायडल मारण्यात सासूबाईंची हयात गेली, आणि आता त्याच पायाचा गुडघा संपावर गेला होता. मलमं झाली, शेक झाला. शेवटी डॉक्टरांनी सुचवलेलं एक छोटंसं यंत्र सून घेऊन आली. सून बस ड्रायव्हर. बोलणंही हॉर्नसारखं, थोडक्यात आणि मोठ्यानं.

"आई, या चिकट पट्ट्या गुडघ्याला लावायच्या. अगदी सौम्य करंट येतो. मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि दुखणं कमी जाणवतं."

"करंट?" सासूबाईंनी पाय पांघरुणात ओढून घेतला. "ओल्या हातानं बटण दाबू नका म्हणून तूच ओरडतेस, आणि आता मलाच विजेला जोडतेस होय?"

"अहो, दोन बारक्या सेलवर चालतं हे!"

"मग आधी स्वतःला लावून दाखव."

"मला काय धाड भरलीय?"

"जिना चढताना कंबर दाबतेस, ते दिसत नाही वाटतं मला? डोळे शाबूत आहेत माझे."

कंबरेचं हे दुखणं सुनेनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ती सोफ्यावर पालथी झाली. कंबरेवर तिचा स्वतःचा हात नीट पोचेना, म्हणून पट्ट्या सासूबाईंनीच लावल्या. कपड्याला अस्तर लावावं तशा, सुरकुती न पडू देता. मग जीव मुठीत धरून बटण जरासं फिरवलं.

"जिवंत आहेस ना गं?"

"हो... अजून थोडं वाढवा. झणझणतंय, पण बरं..."

पुढचं वाक्य उशीतच विरलं. पहाटेपासून बस हाकून आलेली सून चक्क घोरायला लागली.

तेवढ्यात मुलगा आला. "आई, चहा—"

"श्श! झोपलीय ती. तुझं तू कर. आणि तिलाही ठेव."

यंत्र आपोआप बंद झालं, तसं सासूबाईंनी पट्ट्या अलगद काढल्या आणि आपल्या गुडघ्याला लावल्या. बटण फिरवलं मात्र, "अगं बाई, गुदगुल्या!" म्हणत अशा हसत सुटल्या की सून दचकून उठली.

दुखणं काही पळून गेलं नाही. पण संध्याकाळी सासूबाई भिंत न धरता स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, आणि यंत्र आधी कुणाचं यावरून दोघींची जुंपली.

"भांडू नका, दुसरं आणतो," मुलगा म्हणाला.

"आण," सून म्हणाली. "पण पट्ट्या आईच लावतील. तुझा हात वाकडा पडतो."

सासूबाईंनी झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही.