आईनं पुसायला सांगितलं होतं

दादानं फुकटात कुणासाठी इकडची काडी तिकडे केल्याचं छकुलीनं जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून गेलेल्या आईच्या सगळ्या व्हिडिओ टेपा कॉम्प्युटरवर उतरवून, त्यांच्या डिस्क करून तो आपणहून तिच्या घरी देऊन गेला, तेव्हाच तिला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

छकुली पन्नाशीची बाई. लाडाचं नाव लहानपणी पडलं ते चिकटलं. दवाखान्याच्या खिडकीमागे बसून लोकांचे खोटे दाखले पकडण्यात तिची हयात गेली होती. साळसूद चेहरा दिसला की ती कागद उलटा करून बघायची.

तिनं डिस्क लावली. आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस. कॅमेरा दादाच्या हातात. आई खुर्चीत, हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप. आई फुंकर घालते, म्हणते, "अरे, एक सांगायचं होतं." आणि पापणी लवते न लवते तोच कप रिकामा, खुर्चीखाली. आई गप्प, खिडकीकडे बघतेय.

छकुलीनं ते मागं नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. आईचा चहा म्हणजे घराला शिक्षा होती. तिचा कप रिकामा होईपर्यंत धुणं-भांडी खोळंबायची. मग हा कप एका दमात कुणी प्याला?

तिनं फोन लावला.

"जुनी टेप गं," दादा म्हणाला. "मध्ये बुरशी धरली होती. तेवढा तुकडा कापला."

"नेमकी आईच्या बोलण्यावरच धरली?"

"बुरशीला काय कळतंय?"

"आणि टेप कुठाय?"

"टाकली. कचरा किती साठवायचा माणसानं?"

त्या वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत आई वृद्धाश्रमात गेली होती. छकुली तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला. 'आईचीच इच्छा आहे' असं दादानं फोनवर सांगितलं, तिनं ते खरं मानलं. नंतर आई फोनवर 'बरी आहे' एवढंच म्हणायची. छकुली भेटायला गेली तर आईचं भिंतीकडे तोंड. जावयाची चौकशी नाही, नातवाची नाही. आणि ही बाई कोण, तर दिवसभर सगळ्यांना पुसत सुटणारी. 'विचार' हा शब्द तिच्या तोंडी नव्हताच. भाजीवाल्याला भाव पुस, बाबांना पुसून ये. "फडक्यानं पुसू का?" म्हणून दोघं भावंडं तिला चिडवायची. अशी आई शेवटी लेकीला काही पुसेनाशी झाली. छकुली मनाला समजवायची, वय झालं. आता मन ऐकेना.

रविवारी ती न कळवता दादाच्या दारात उभी राहिली.

"अगंबाई, वन्सं," वहिनीनं दार उघडलं. "फोन तरी करायचा."

"फोन केला की घरं आवरली जातात, वहिनी."

दादा कॉम्प्युटरसमोर होता. शेजारी जुना व्हीसीआर, त्यातून निघालेल्या तारा कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेल्या.

"मला वाढदिवसाची टेप बघायचीय."

"टाकली म्हणालो ना."

"टाकली कुठे?" पाण्याचा पेला पुढे करत वहिनी म्हणाली. "त्यातच आहे की. रोज लावून बसता."

दादानं बायकोकडे असं पाहिलं की तिनं पेला खालीच ठेवला. छकुलीनं बटण दाबलं.

बुरशीचा ठिपका नाही. आईनं फुंकर घातली. "अरे, एक सांगायचं होतं. तिथं जायला माझी ना नाही. पण आधी छकुलीला पुस. ती ये म्हणाली तर मी तिच्याकडे जाईन."

चित्र जरा हललं. कॅमेऱ्यामागून दादाचा आवाज आला, "पुसलं, आई. तिला नाही जमणार म्हणाली."

आईनं कप तोंडाला लावला. चहा पीत राहिली. घोट घोट, सगळा कप. मग वाकून कप खुर्चीखाली ठेवला.

"तुम्ही तर मलाही हेच सांगितलं होतं," वहिनी हळूच म्हणाली.

दादानं मान वर केली नाही. "तुझी दोन खोल्यांची जागा. दोघांच्या नोकऱ्या. तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते नाहीतर नसते. ते माझ्या तोंडानं म्हणाले असते."

"म्हणून तर टेप टाकवली नाही मला."

"आणि दाखवलीही नाहीस. आई माझ्यावर रुसून मेली, दादा. तिनं मला पुसायला सांगितलं होतं. तू मला पुसूनच टाकलंस."

तिनं खुर्ची ओढली. "आता पुन्हा उतरव. अख्खी."

"वेळ लागतो. टेप जेवढी तेवढं बसावं लागतं. पळवता येत नाही."

"मी बसते. तूही बस."

त्यानं टेप मागं नेली, तारा चाचपल्या, नवी डिस्क घातली. पडद्यावर आईनं फुंकर घातली. "अरे, एक सांगायचं होतं." दादाचा हात माउसकडे सरकला.

"हात मांडीवर ठेव," छकुली म्हणाली. "आईचा चहा व्हायचाय अजून."