रविवारचं कपाट

घरातली बाई रविवारी सकाळी मागच्या गॅलरीत बसली की ती मोकळी असते, असं त्या घरातल्या सगळ्यांचं ठाम मत होतं. हातात खरवडायची पट्टी असो, नाकाला फडकं बांधलेलं असो, कोपरापर्यंत भुसा माखलेला असो, ती मोकळीच. "मोकळीच आहेस ना, तेवढं मशीन लाव." "मोकळीच आहेस ना, गॅसवर जरा लक्ष ठेव." उद्या ती छताला उलटी लटकून काम करत असती तरी खालून कोणीतरी मान वर करून विचारलं असतं, मोकळी आहेस का म्हणून.

नवऱ्याचं बॅडमिंटन मात्र बॅडमिंटन. रविवारी सकाळी तो रॅकेट काखोटीला मारून बाहेर पडला की परत येईपर्यंत त्याला कोणी फोनसुद्धा करायचा नाही. माणसाला व्यायाम हवा, आठवडाभर दमतो बिचारा. ती आठवडाभर दमत नसावी. ती इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर उभ्याने लोकांचे मोडके हात आणि सुजलेले गुडघे टेबलावर सरळ करायचे, "श्वास रोखा, हलू नका, हं, सोडा" म्हणायचं आणि पुढच्याला आत घ्यायचं. घरी आल्यावर स्वयंपाकघर वाट बघत असायचंच. मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा तिला वाटलं होतं, आता जरा उसंत मिळेल. मिळाली नाही. मुलीच्या वाट्याचा वेळ घरातल्यांनी आपापसांत वाटून घेतला.

ते कपाट तिला इस्पितळासमोरच्या जुन्या सामानाच्या दुकानात दिसलं. चार खणांचं, बुटकं, डोक्यावर बंद पडलेल्या पंख्यांचा ढीग घेऊन बसलेलं. शेवाळी हिरवा रंग फासलेला, पण एका कोपऱ्याला टवका उडाला होता आणि त्यातून खालचा पांढरा दिसत होता, पांढऱ्याच्या खालून तपकिरी. वरच्या कातडीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. धंद्याची सवय, दुसरं काय. तिने टेम्पो करून कपाट घरी आणलं.

"हे काय भंगार उचलून आणलंस?" नवरा म्हणाला.

"ढेकूण असतील हो त्यात," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्याची थोरली बहीण, जिला सगळे ताई म्हणत, पलीकडच्या गल्लीत राहायची आणि दिवसाआड यायची. तिने कपाटाला एक फेरी मारली आणि भावजयीचं बारसं करून टाकलं. "काय सुतारीणबाई, आता आमच्या दारांना कड्या कधी बसवताय?" त्या दिवसापासून ती सुतारीणबाई झाली. हसणाऱ्यांत तीही हसली. इथेच चुकलं तिचं.

वेळ मिळत नाही, काढावा लागतो, असं लोक फार सहज म्हणून जातात. तो काढताना तिला जेवढा त्रास झाला तेवढा अक्कलदाढ काढतानाही कोणाला होत नसेल. शनिवारी संध्याकाळी रविवारची भाजी चिरून ठेवायची, कणीक मळून ठेवायची, इस्त्रीचा गठ्ठा संपवायचा, सासूबाईंच्या गोळ्या डबीत भरून ठेवायच्या, तेव्हा कुठे रविवारची सकाळ हाताला लागायची. तीही जेवणाच्या वेळेपर्यंतच.

पण ती सकाळ तिची होती. कपाट हे निमित्त. तिथे तिला कोणी मॅडम म्हणत नसे, कोणी आई नाही, कोणी वहिनी नाही. हिरवा रंग काढायला तिने बऱ्याच सकाळी घातल्या, मग पांढरा, मग तपकिरी. रंग काढायचं केमिकल ब्रशने लावायचं, थोडं थांबायचं, रंग फुगून वर आला की लगेच पट्टीने खरवडायचा. त्या वेळेला हात थांबला की खेळ खलास. फुगलेला रंग वाळतो आणि पहिल्यापेक्षा घट्ट धरून बसतो. एकदा असंच झालं. रंग नुकता फुगला होता आणि ताईंचा फोन आला. "घे की, मोकळीच आहेस," असं म्हणून सासूबाईंनी फोन तिच्या कानालाच लावला. ताईंना त्यांच्या शेजारणीबद्दल बोलायचं होतं. शेजारीण संपेपर्यंत रंग दगड झाला. पुढचा अख्खा रविवार तोच भाग पुन्हा खरवडण्यात गेला. ती मूग गिळून बसली. घरातल्यांना वाटलं, हिला चालतं.

शेवटी लाकूड दिसलं. काळपट तांबूस, मधूनमधून गडद रेघा असलेलं, शिसवी. ते पहिल्यांदा हाताखाली आलं त्या दिवशी ती एकटीच मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली. मग पुढचे रविवार पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. हात फिरवला तर तळव्याला काही लागू नये इतकं गुळगुळीत झालं. आता फक्त लाखेचं पॉलिश राहिलं होतं. लाखेचे पातळ तुकडे तिने बरणीत स्पिरिट घालून विरघळायला ठेवले आणि घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, येत्या रविवारी मला हाक मारायची नाही. घर पेटलं तरी नाही.

त्याच्या आदल्या दिवशी तिचा वाढदिवस होता. ड्युटी होतीच. संध्याकाळी ती जिना चढत असताना पहिल्याच वळणावर तिला वास आला. ऑइलपेंटचा. वर कोणाकडे तरी खिडक्या रंगवत असतील, असं तिने स्वतःला सांगितलं, पण पाय भराभर उचलले जायला लागले.

दार ताईंनी उघडलं. "डोळे मीट, डोळे मीट!" त्यांनी तिला दंडाला धरून आत नेलं. "हं, आता उघड!"

हॉलच्या मधोमध कपाट होतं. चॉकलेटी. चकचकीत. कडांना सोनेरी पट्ट्या, खणांना सोनेरी मुठी. शेजारच्या टेबलावर केक. नवरा टाळ्या वाजवत होता. दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगणाऱ्या बाईचा स्वतःचा श्वास रोखला गेला, आणि सोडा म्हणायला तिथे कोणी नव्हतं.

"कसं काय, सुतारीणबाई?" नवरा म्हणाला. "तुझी कटकटच संपवली. सकाळी तू गेलीस आणि लगेच रंगारी बोलावला. दुपारपर्यंत काम फत्ते! तू महिनोन्‌महिने घासत बसली होतीस."

"आम्हाला बघवत नव्हतं गं," ताई म्हणाल्या. "हातांची काय दशा करून घेतलीस. सोनेरी पट्टीची आयडिया माझी."

तिने वरच्या फळीवर बोट टेकवलं. रंग अजून ओला होता. बोटाला चिकटला.

"कोणाला विचारून?" ती म्हणाली.

"सरप्राइज काय विचारून देतात?" नवरा हसला.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित तिने केक कापला असता. आयुष्यभर जे गिळलं त्यात आणखी एक घास. पण ताई थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"चला, सुटलीस बाई! आता तुझे रविवार मोकळे. उद्याच ये आमच्याकडे, माझे पडदे शिवायचे राहिलेत. कापड आणून किती दिवस पडलंय."

"पडदे दुपारी कर," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. रविवारी गर्दी नसते त्यांच्याकडे."

"आणि माळा," नवरा म्हणाला. "माळा आवरायचा कधीपासून राहिलाय."

केक अजून कापायचा होता आणि तिच्या रविवारचे तीन तुकडे करून झाले होते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाच्या मेहनतीवर पाणी फिरवतात हे तिने ऐकलं होतं. हिच्या मेहनतीवर ऑइलपेंट फिरवला होता, तोही चकचकीत. आणि फिरवणारे समोर उभे राहून शाबासकीची वाट बघत होते.

"मी काही येत नाही पडद्यांना," ती म्हणाली.

"अगं, मग पुढच्या रविवारी."

"पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्याही नाही."

नवऱ्याचं हसू जरा उतरलं. "एवढं काय झालं चिडायला? तुला कपाट हवं होतं, ते तयार करून दिलं. कपाट हवं होतं की नको?"

"नको होतं!" ती इतक्या जोरात ओरडली की सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या दचकल्या. "कपाटं दुकानात रांगेने उभी असतात. मला कपाट नको होतं. मला रविवारची सकाळ हवी होती. तेवढी एक. ती तुम्ही आज रंगाऱ्याकडून रंगवून घेतलीत आणि वर वाटूनपण घेतलीत!"

"आम्ही आपलं प्रेमाने केलं..." ताई म्हणाल्या.

"ताई, तुमच्या प्रेमाला माझाच वेळ बरा सापडतो. तुमच्या भावाचं बॅडमिंटन नाही कधी संपवावंसं वाटलं ते? त्याच्या वतीने कोणाला पाठवा की खेळायला. तो दमतो, त्याचीही कटकट संपेल."

"हे काय बोलणं झालं?" नवरा म्हणाला. "खेळण्याची गोष्ट वेगळी."

"का वेगळी?"

त्याने टेबलावरचा केक उगाच जरा सरकवला. हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"घरच्या सुनेला इतका राग शोभत नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"शोभेसाठी नाही केलेला, आई. खरंच आलाय. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुमचा मुलगा नेईल. माळ्यावरचा पसारा त्याचाच आहे, तो आवरेल. आणि ताई, पडदेही तोच शिवेल."

"मला कुठे शिवण येतं?" नवरा म्हणाला.

"मला तरी रंग खरवडणं कुठे येत होतं? शिकले."

तिने खांद्यावरची पर्स खाली टाकली, कपाटाला दोन्ही हातांनी धरलं आणि मागच्या गॅलरीकडे ओढायला लागली. नवरा दुसऱ्या बाजूने धरायला पुढे झाला.

"हात लावू नका," ती म्हणाली. "आज पुरे झालं तुमचं हात लावणं."

कपाटाचे पाय फरशीवर कर्रकर्र वाजत गेले, हॉलभर एक लांब ओरखडा उठला. त्यावर एरवी केवढं महाभारत झालं असतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाय मागे घेऊन वाट करून दिली. केक तसाच राहिला आणि ताई पदर सावरत निघून गेल्या.

त्या रात्री तिने भाजी चिरली नाही. कणीक मळली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला तोही एकच कप, स्वतःचा. तो घेऊन गॅलरीत गेली, नाकाला फडकं बांधलं आणि चॉकलेटी रंगावर केमिकलचा पहिला हात मारला. रंग ताजा होता, भसाभस फुगला. वरच्यावर निघालाही पटकन. पण खाली बघितलं तेव्हा तिला कळलं. लाकूड तिनेच पॉलिश पेपरने घासघासून उघडं केलं होतं, तहानलेलं करून ठेवलं होतं, लाखेसाठी. त्या उघड्या लाकडाने ऑइलपेंट आत ओढून घेतला होता. गडद रेघांमध्ये, सांध्यांमध्ये, सगळीकडे चॉकलेटी शिरला होता. जुने रंग वरवर बसले होते म्हणून निघाले. हा आत गेला होता. हा पूर्ण कधीच निघणार नव्हता. जितकं मन लावून तिने काम केलं होतं, तितकंच नुकसान खोल झालं होतं.

तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. नाक फडक्यातच पुसून तिने दुसऱ्या बाजूला केमिकल लावलं. काही झालं तरी निघेल तेवढा काढायचा.

आत फोन वाजला. नवरा बुटांच्या नाड्या बांधत होता, रॅकेट दाराशी टेकवून ठेवलेली. डॉक्टर, माळा, पडदे, सगळं रात्रीत विरून गेलं असेल अशी त्याची समजूत असावी. तो फोन घेऊन गॅलरीच्या दारात आला आणि नेहमीसारखा हात पुढे केला.

"ताईचा आहे. पडद्यांचं विचारत असेल. घेतेस?"

रंग नुकता फुगला होता. ती थांबली नाही. वळली नाही. पट्टी लावून तिने सरळ खाली खेचली, गुंडाळी होऊन आलेला रंग कागदावर झटकला, पुन्हा लावली. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. तो तसाच उभा, फोन पुढे धरून. तिची पट्टी चालूच.

शेवटी त्यानेच फोन कानाला लावला.

"हां, ताई. नाही, ती नाही येणार... नाही गं, रागावली म्हणून नाही. ती कामात आहे." मग जरा थांबून, समोरून काहीतरी ऐकून, "कामात आहे म्हटलं ना. दुपारी मीच येतो, पडद्यांचं बघू."

आतून सासूबाईंनी तिला हाक मारली. "थांब आई, मी आलो," असं म्हणून तो वळला आणि जाता जाता त्याने गॅलरीचं दार ओढून घेतलं.

तिला बरं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. आणि मग कालच्यापेक्षा मोठा संताप चढला. ती कामात आहे. तीन शब्द. ते म्हणायला त्याला ना रजा काढावी लागली, ना कोणाच्या पाया पडावं लागलं, ना आदल्या दिवशी रात्रीपर्यंत राबून ठेवावं लागलं. जीभसुद्धा अडखळली नाही. म्हणजे त्याला हे येत होतं. लग्न झाल्यापासून येत होतं.

तिने दात-ओठ खाऊन पट्टी लाकडावर दाबली.